दगड हाय का?

कारभारी फिटर भित्रे होते, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको, की बाईंनी गेलेल्या माणसाची झाकपाक केली. राहुरीत त्यांना सगळे 'भित्रा फिटर' म्हणत. मागून नाही, तोंडावर. आणि ते पाना पुसत पुसत म्हणत, "व्हय, हाय मी भित्रा. भ्यालेला फिटर म्हातारा हुतो. न भ्यालेल्याचा फोटो हुतो."

कारभारी हे त्यांचं पाळण्यातलं नाव. कारभार त्यांनी जन्मात कुणाचा केला नाही. गाड्या दुरुस्त केल्या, त्याही लोकांच्या दारात जाऊन. रस्ता रुंद झाला तेव्हा त्यांची हायवेवरची टपरी गेली. मग त्यांनी जुन्या मोपेडच्या मागं हत्यारांची पेटी बांधली आणि घरोघर फिरायला लागले.

गेल्या महिन्यात त्यांची फार आठवण झाली. गाडी सर्व्हिसिंगला नगरला नेली होती. नव्या तऱ्हेचं गॅरेज, बटण दाबलं की गाडी वर. मेकॅनिक खाली उभा राहून शीळ घालतोय, आणि मी आपली वाकून वाकून चाकामागं बघतेय. "मॅडम, काही पडलं का?" त्यानं विचारलं. काय सांगणार त्याला? चाकं जमिनीला टेकलेलीच नव्हती. तरी मी परत एकदा वाकून बघितलं.

कारभारी अंगानं काटकुळे. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत, बाह्या मनगटापर्यंत, एप्रिल-मेमध्येसुद्धा. अंगठी नाही, घड्याळ नाही, गळ्यात साधा गंडा नाही. "लोंबणारं काय बी नको. गाडीला लोंबणारं लई आवडतं," म्हणत. कुत्र्याला भ्यायचे, विहिरीत डोकवायला भ्यायचे, इंजेक्शनचं नाव काढलं की पांढरेफटक पडायचे. एकदा चहाच्या टपरीवर कुणीतरी मुद्दाम त्यांच्या मागं स्टीलचा ट्रे आपटला, तर यांच्या हातातला चहा भलत्याच्याच अंगावर. सगळे खो खो हसले. हेही हसले. मग म्हणाले, "हसा. माज्या मागं काय पडलं तर मला कळतं. तुमाला कळायचं न्हाई."

कामाला सुरुवात करायच्या आधी त्यांचं जे चालायचं ते बघून माणसाचा जीव जायचा. आधी मालकाकडून चावी घ्यायची, शर्ट वर करून ती कमरेच्या करदोड्याला बांधायची. मग बॅटरीची वायर काढायची. मग पायातल्या चपला काढून थेट ड्रायव्हरच्या सीटवर ठेवायच्या. लोक ओरडायचे, अहो नवं कव्हर आहे, दसऱ्याला गाडीची पूजा करतो आम्ही! ते शांतपणे म्हणायचे, "त्या तितं दिसल्या की बसनाऱ्याला कळतं, मानूस खाली हाय." जॅक लावला तरी त्यावर विश्वास नाही, त्याला जोडीला टेकू म्हणून लोखंडी घोड्या. घोड्यांवर विश्वास नाही, म्हणून स्टेपनी काढून गाडीच्या पोटाखाली सरकवायची.

आणि ह्या सगळ्यावर कडी म्हणजे दगड.

हा दगड पेटीतून यायचा. काळा, घडवलेला, नारळापेक्षा थोडा मोठा. उताराच्या बाजूनं चाकाला लावायचा आणि त्याला चांगलं बोटभर कुंकू फासायचं. हात जोडायचे. मला आधी वाटलं, श्रद्धाळू माणूस आहे. एकदा विचारलं तर म्हणाले, "देवाचं मला काय कळत न्हाई बाई. पर लाल केल्यावर त्याला कुनी लाथ मारत न्हाई. साधा दगड आसला की लोक पायानं सारत्यात."

दुसऱ्या चाकाला एखादी वीट चालायची. कुंकू मात्र एकालाच.

एवढं झाल्यावर बाहेर एक माणूस उभा करायचा. त्याचं काम एकच, दगडाकडं बघत राहायचं. खालून दर थोड्या वेळानं आवाज यायचा, "दगड हाय का?" वरच्यानं बघायचं आणि म्हणायचं, "हाय." तोवर फिटरचा हात हलायचा नाही.

एका पुढाऱ्याची गोष्ट आमच्याकडं अजून सांगतात. लग्नाच्या हॉलबाहेर उतारावर त्यांची भली मोठी गाडी, पोटाखालून कसलासा खडखडाट. साहेबांना पुढच्या लग्नाला जायची घाई. म्हणाले, इंजिन चालूच राहू दे, जरा खाली जाऊन बघ कुठून वाजतंय. कारभारींनी हात पुढं केला, "साहेब, आदी चावी."

साहेबांची माणसं खवळली. "आरं येड्या, साहेबांची गाडी हाय ती! साहेबांना इचारल्याशिवाय हलती का?"

"साहेबांना इचारून हलती," कारभारी म्हणाले, "पर उताराचं ऐकून बी हलती."

साहेब दुसऱ्याच्या गाडीत बसून गेले. कारभारींची त्या दिवशी पार नाचक्की झाली. भर मांडवात लोक त्यांना 'दगड हाय का' म्हणून चिडवत होते. ते जेवून, पान खाऊन घरी गेले.

आता माझ्याकडं येते, कारण टाळून चालणार नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. बदली आडवळणाच्या गावाला झाली म्हणून चाळिशीनंतर गाडी शिकले, जुनी गाडी घेतली आणि रोज जीव मुठीत धरून चालवायला लागले. दोन वर्षांनी एक दिवस गाडी नुसती गुरगुरायला लागली. ॲक्सिलरेटर दाबला की आवाज मोठा आणि चाल गोगलगाईची, वर करपट वास. कशीबशी अंगणात आणून लावली. तिथं ती जी बसली ती बसलीच. कारभारींनी वास घेतला आणि माझ्याकडं बघितलं.

"बाई, गाडी चालवताना डावा पाय कुटं आसतो?"

"क्लचवर."

"कायम?"

"भीती वाटते हो. एकदम कुणी आडवं आलं तर?"

"भ्यावं की! भ्यायला काय हरकत हाय? पर पाय खाली ठिऊन भ्यावं. तुमी भीतीनं क्लचची प्लेट जाळली." मग म्हणाले, "गिअरबॉक्स उतरवावा लागंल. आनि एक सांगतो. गिअरबॉक्स उतरला की गाडी गिअरमदी टाकून थांबवायची सोय जाती. मग ऱ्हायला हँडब्रेक. तुमच्या हँडब्रेकची तार मी बघितली. तिच्यापरीस आमची म्हातारी सायकल बरी."

आमचं अंगण घराकडून फाटकाकडं उतरतं. फाटकाबाहेर रस्ता, रस्त्यापलीकडं पाण्याची चारी. गाडीचं तोंड घराकडं, पाठ उताराकडं.

रविवारी सकाळी ते आले. आमचे हे एका लग्नाला गेलेले. घरात मी आणि माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणते. त्या आदल्याच दिवशी कर्जतहून आमच्याकडं राहायला आल्या होत्या आणि हा माणूस त्यांनी कधी बघितलेला नव्हता. हे मी नीट सांगून ठेवते, कारण त्यांना दोष द्यायचा नाही.

कारभारींनी माझ्याकडं इडलीपात्र मागितलं. निघेल तो बोल्ट ओळीनं एकेका खळग्यात ठेवायचा होता. आत्या ओसरीवरून बघत होत्या. काळ्याकुट्ट ग्रीसचे बोल्ट इडलीच्या जागी बसलेले बघून त्यांनी पदर तोंडाला लावला. मग चपला सीटवर गेल्या. मग दगडाला कुंकू लागलं आणि तो चाकामागं बसला. मी दगडाची राखणदार झाले.

"बगून म्हनायचं, बाई," खाली सरपटायच्या आधी कारभारींनी मला बजावलं. "हाय म्हनायच्या आदी बगायचं. न बगता म्हनलेली हाय दुसरीच असती, ती मयतीच्या घरची."

तास गेला, दीड तास गेला. "दगड हाय का?" "हाय." ऊन डोक्यावर आलं. खाली दोन्ही चाकांचे दांडे निघाले, एकेक बोल्ट इडलीपात्रात आला. गिअरबॉक्सखाली त्यांनी ट्रॅक्टरची हवा भरलेली ट्यूब ठेवली होती. तो सुटला की ट्यूबवर बसणार आणि मग हवा हळूहळू सोडून तो अलगद खाली घ्यायचा, अशी त्यांची रीत. मला त्या दगडाकडं बघून बघून कंटाळा आला होता. खरं सांगते, कंटाळा आला होता. भीती दीड तास टिकते, पुढं माणूस सवयीनं उभा राहतो.

तेवढ्यात मुख्याध्यापकांचा फोन. रविवार असला म्हणून काय झालं, माहिती तातडीनं पाठवायची होती. उन्हात स्क्रीन दिसेना म्हणून मी शेवग्याच्या सावलीकडं पाठ वळवली आणि टाइप करायला लागले. डोळ्यांच्या कडेला आत्या दिसल्या. पदराखाली काहीतरी धरून हळूहळू तुळशीकडं चालल्या होत्या. दिसल्या, पण मी त्यांच्याकडं बघितलं नाही.

"दगड हाय का?"

"हाय," मी म्हटलं. डोळे मोबाईलमध्ये.

त्यांनी गिअरबॉक्स सोडवण्यासाठी जोर लावला असणार. गाडीला हिसका बसला. कट्ट असा आवाज आला, आणि मी वळले तोवर दुसऱ्या चाकामागच्या विटेचा भुगा झालेला, गाडी वीतभर मागं आलेली, आणि पुढचं अंग घोड्यांवरून खाली. ट्यूब फाडकन फुटली. धूळ उडाली. मग काहीच नाही.

गाडीखालून फक्त तळपाय दिसत होते. भेगाळलेले, उताणे, न हलणारे.

लोक म्हणतात किंचाळी फुटते. नाही फुटत. चाकामागं जिथं दगड होता तिथं ओलसर लाल डाग होता, तो मला कुंकू आहे का रक्त, हे कळेना. मी गुडघ्यावर बसले आणि कसाबसा आवाज काढला.

"फिटर! हाय का? फिटर, हाय का हो?"

काही नाही. चारीचं पाणी वाहत होतं ते ऐकू येत होतं. माझ्या मनात आलं, आपण मारला. एका शब्दानं एक माणूस मारला. आता यांच्या घरी जाऊन काय सांगू, न बघता 'हाय' म्हटलं म्हणून सांगू?

"हाय का हो?" मी परत म्हटलं. आता रडत.

बऱ्याच वेळानं, म्हणजे मला तो बराच वाटला, खालून बारीक आवाज आला.

"हाय."

आणि मग, "बाई, आदी दगड."

मी धावले. आत्या तुळशीपुढं बसल्या होत्या. दगड वृंदावनात ठेवलेला, त्यावर तांब्यानं पाण्याची धार, डोळे मिटलेले, ओठ हलताहेत. मी हात घातला तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"थांब गं, पानी घालती. देवाला कुनी चाकाखाली ठिवतं व्हय? देव चाकाखाली अन् पायतान गादीवर! कसलं घर म्हनायचं ह्ये!"

"आत्या, माणूस मरतोय!" मी तो देव हिसकावला आणि पळाले. तो ओला होता, हातातून निसटत होता. चाकामागं लावला. पायानं दाबला. ठोकून बसवला.

"बसला का? बगून सांगा."

"बसला. बघितला."

"मानसं बोलावू नका," खालून आवाज. "मानसं आली की गाडी ढकलत्यात. जॅक घ्या. मी सांगतो तिथंच लावा. हिसका न्हाई. एक येढा, की बगायचं. मग दुसरा."

आयुष्यात मी कधी जॅकला हात लावला नव्हता. दांडा फिरवताना माझे दात वाजत होते आणि दात वाजतात हे त्यांना ऐकू जाईल म्हणून मला लाज वाटत होती. एक वेढा. दगड बघ. एक वेढा. दगड बघ. गाडी केसाकेसानं वर जायला लागली. आत्या तांब्या हातात धरून माझ्या मागं येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांना सगळं कळलं होतं.

ते सरपटत बाहेर आले तेव्हा कळलं काय झालं ते. गाडी पडली ती पोटाखालच्या स्टेपनीवर. एका टायरच्या जाडीएवढी जागा उरली आणि त्या जागेत हा काटकुळा माणूस मावला. गिअरबॉक्स बरगडीला घासून बाजूला टेकला होता. शर्ट फाटला होता, कोपर सोललं होतं. बस्स. सगळं गाव ज्या भीतीला हसायचं, तिनं वेळेवर टायर सरकवून ठेवला होता.

आत्यांनी तोच तांब्या पुढं केला. ते प्यायले तेव्हा तांब्या दातांवर टकटक वाजला. मग त्यांनी विचारलं, "कुटं हुता?"

"तुळशीत," आत्या म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या. "मला काय म्हाईत रं बाबा. मला वाटलं, देव हाय."

कारभारी उठले आणि त्यांच्या पाया पडले. "तुमचं काय चुकलं न्हाई, आजी. कुकू मीच लावलं. लोकांनी लाथ मारू नये म्हनून लावलं. कुनी उचलून पुजंल, ह्ये डोक्यातच आलं न्हाई माज्या."

मग माझ्याकडं वळले. "बाई, बगून म्हनला हुता का?"

मी मान हलवली. नाही.

ओरडले असते तर बरं झालं असतं. हत्यारं गोळा केली, चावी करदोड्याची सोडून माझ्या हातात दिली, चपला घातल्या आणि मोपेड ढकलत चालत गेले. त्या दिवशी त्यांना मोपेडवर बसायचीही भीती वाटत असावी.

मी तर हायच खाल्ली. आठवडाभर वर्गात हजेरी घेताना पोरं 'हजर' म्हणाली की मी मान वर करून प्रत्येकाचं तोंड बघायची. अंगणात गाडी तशीच अर्धवट उचललेली, इडलीपात्रात बोल्ट. ते परत येणार नाहीत अशी मला खात्री होती. दुसरा कुणी बघू, म्हणून मी ह्यांच्या मागं लागले होते.

पुढच्या रविवारी मोपेडचा आवाज आला. कोपराला पट्टी, बटणं गळ्यापर्यंत. आमचे हे पुढं झाले, "मी उभा राहतो, फिटर. आज मी कुठं जात नाही."

"तुमी बसा, साहेब. बाईच पायजेत."

"मी नको," मी म्हटलं. "खरंच नको हो. माझ्याच्यानं व्हायचं नाही. माझ्यावर काय म्हणून विश्वास टाकता?"

"इस्वास कुनी टाकलाय?" ते म्हणाले. "मी भ्यालेलं मानूस हुडकत आसतो, बाई. लई अवघड मिळतं. साहेब न भ्यालेलं हायेत. तुमी आता जन्मात न बगता हाय म्हनायच्या न्हाई."

कुंकू त्या दिवशी लागलं नाही. मला खडू आणायला सांगितला आणि माझ्याकडूनच दगडावर लिहून घेतलं, 'दगड. उचलू नये.' आत्या हळद-कुंकवाचा करंडा घेऊन ओसरीवर घुटमळत होत्या. "मग आता ह्यो देव का दगड?" त्यांनी भीत भीत विचारलं.

"चाकाखाली हाय तवर दगड, आजी. काम झालं की तुमचा देव."

नवी प्लेट बसली. गिअरबॉक्स चढला. किती वेळा त्यांनी विचारलं, किती वेळा मी बघितलं, कुणास ठाऊक. माझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण पापणी मिटायची भीती वाटत होती. दगड अजून आमच्या तुळशीत आहे. खडूची अक्षरं कधीच गेली. कुंकू आत्या रोज लावतात.

त्यानंतर कारभारींनी गाडीखाली जाणं हळूहळू बंद केलं. गुडघे गेले. शेवटचे मला दिसले ते नगरच्या रस्त्यावर, लग्नसराईत. रस्त्याच्या कडेला कांद्याचा टेम्पो बंद पडलेला, खाली कुणाचे तरी दोन पाय. आणि मागच्या चाकाशी कारभारी. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्यावर फेटा, कपाळाला अक्षता. वऱ्हाडाची गाडी पुढं उभी होती आणि लोक त्यांना हाका मारत होते, चला, मुहूर्त टळतोय! मीही गाडी हळू केली, काच खाली घेतली.

"फिटर! ओ फिटर!"

टेम्पोखालच्या माणसानं काही विचारलं नव्हतं. त्याला रीतच माहीत नव्हती. तरी कारभारी दगडाकडं बघत होते आणि मधूनमधून आपणहून, त्या न दिसणाऱ्या माणसाला सांगत होते, "हाय. हाय रे. हाय."

मी दोनदा हॉर्न वाजवला. त्यांनी मान वर केली नाही.